थोरल्या बहिणीचे मौन



धर्मगुरूने प्रेमकथेवरील चित्रपटाविषयी लिहावे, हे तुमच्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. वाटले तर त्यात तुमचा दोष नाही. वेदीवरून लग्नाची सूचना वाचून दाखविणे हे आमचे काम. ते लग्न जुळण्यापूर्वी दोन अंतःकरणांत काय काय घडून गेले, हे आम्हांस सहसा कोणी सांगत नाही आणि आम्हीही विचारीत नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात आम्ही सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहिला. त्याने प्रथम आनंद दिला आणि त्यामागोमाग मनाला एक बोच लावली. ती दोन्ही तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय आम्हांस राहवत नाही.

चित्रपटाचे नाव 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेच्या याच नावाच्या कादंबरीवरून तो १९९५ साली निघाला. नावाचा अर्थ मराठीत सांगायचा तर 'विवेक आणि भावनाशीलता' असा सांगता येईल. दोन बहिणींची ही कथा आहे. थोरली एलिनॉर विवेकाने चालणारी, मनातले मनात ठेवणारी; धाकटी मॅरिॲन मनात येईल ते ओठांवर आणणारी, हसली तर सारे घर हसविणारी आणि रडली तर सारे घर रडविणारी. अशा दोन बहिणी आपल्यापैकी कोणाच्या घरात नाहीत?

ही कादंबरी आम्ही सेमिनरीत असताना वाचली होती. आम्हांस इंग्रजी शिकविणाऱ्या वृद्ध फादरांनी ती ग्रंथालयाच्या कपाटातून काढून आमच्या हाती ठेवली आणि म्हणाले, "भाषा सुधारेल, माणसेही थोडी कळतील." भाषा सुधारली असावी. माणसे मात्र कळली नाहीत, हे आता पंचवीस वर्षांनी ध्यानात येत आहे. त्या वेळी आम्ही वहीत टिपण केले होते की, एलिनॉर ही संयमाची मूर्ती असून सर्व तरुणींनी तिचे अनुकरण करावे. पुढे धर्मगुरू झाल्यावर विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गांत आम्ही हे टिपण कितीदा तरी वापरले. घरातील शांत मुलीची आम्ही नेहमी स्तुती केली. ती शांत का आहे, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही.

असो. चित्रपटाकडे वळू.

बेळगावच्या पश्चिमेकडील आमच्या गावात पाऊस कसा कोसळतो, हे त्या बाजूच्या वाचकांस सांगावयास नको. भाताची रोपलावण आटोपली होती. रविवारी सायंकाळी घराबाहेर पडून करावे असे काही नव्हते. युवकमंडळाने प्रोजेक्टर आणला, एका घरातून पांढरी चादर आली, ती भिंतीवर ताणून बसविली. चित्रपट इंग्रजीत आणि आमच्या बायाबापड्यांचे इंग्रजी 'थँक्यू'पुरते. म्हणून आम्ही आधी सर्व कथा मराठीत सांगितली आणि मधून मधून चित्र थांबवून खुलासा करीत गेलो. सव्वादोन तासांहून थोडा मोठा असलेला चित्रपट त्यामुळे चांगला साडेतीन तास चालला. कोणी उठून गेले नाही. पाऊस होता म्हणून गेले नाही असेही कोणी म्हणेल. परंतु पाऊस नऊ वाजताच थांबला होता.

कथा आरंभीच पैशावर येते. एक गृहस्थ मरणशय्येवर आहे. जमीनजुमला आणि वाडा कायद्याने त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलाकडे, जॉनकडे, जाणार. दुसरी बायको आणि तिच्या तीन मुली यांच्या वाट्याला वर्षाकाठी अवघे ५०० पौंड येतात. बाप मुलाचा हात धरून सांगतो की, यांना सांभाळ. मुलगा वचन देतो आणि तिघी बहिणींना मिळून ३००० पौंड द्यावयाचे असे मनाशी ठरवितोही. मग त्याची बायको फॅनी बोलू लागते. तीन हजारांचे दीड हजार होतात. दीड हजारांऐवजी आईला वर्षाला शंभर द्यावेत असे ठरते. मग तेही जड वाटू लागतात, कारण सावत्र सासू दीर्घायुषी निघाली तर काय घ्या! मग अधूनमधून काही द्यावे असे होते. शेवटी कादंबरीत निष्पन्न काय होते, तर सामान हलविण्यास मदत करावी आणि हंगामात मासे व शिकार पाठवीत जावी. कादंबरीत हे संभाषण एका प्रकरणात एकाच बैठकीत होते. चित्रपटात ते प्रवासाच्या टप्प्याटप्प्यांवर घडते. गाडी पुढे पुढे जाते आणि आकडा मागे मागे येतो.

सभागृहात हशा पिकला. कठोरपणाचा एक शब्दही न उच्चारता माणूस वचनातून कसा सुटत जातो, हे सर्वांना पटकन उमगले. पुढच्या बाकावरील एक वृद्ध आजी मोठ्याने म्हणाल्या, "हा आमच्याच गावचा की ओ, फादर!" पुन्हा हशा झाला. आम्हीही हसलो. आपण कोणावर हसत आहोत, हे तेव्हा आम्हांस कळले नव्हते.

लेखिकेला हे सारे कल्पनेने सुचलेले नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. जेन ऑस्टिन ही एका अँग्लिकन धर्मगुरूची मुलगी. तिचा जन्म १७७५ साली इंग्लंडमधील स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. १८०५ साली वडील वारले आणि आई, जेन व थोरली बहीण कसँड्रा या तिघींच्या हाती फारच थोडे उत्पन्न उरले. भावांनी आपापल्या कुवतीप्रमाणे वर्षाला काही रक्कम देण्याचे ठरविले, तरी या बायकांना काही वर्षे या गावाहून त्या गावी बिऱ्हाड हलवावे लागले. अखेर १८०९ साली एडवर्ड नावाच्या संपन्न भावाने चॉटन या गावी त्यांना राहण्यास घर दिले. त्या घरात स्थिरावल्यावर जेनने आपली जुनी हस्तलिखिते बाहेर काढली. १८११ साली ही कादंबरी छापली गेली, तीही तिच्या स्वतःच्या जोखमीवर; मुखपृष्ठानंतरच्या पानावर लेखिकेचे नाव नव्हते, केवळ 'एका स्त्रीने लिहिलेली' एवढेच होते. पहिली आवृत्ती संपली तेव्हा तिला १४० पौंड मिळाले. भावाने डोक्यावर छप्पर दिले नसते तर ही कादंबरी जगाला मिळाली असती की नाही, कोण जाणे. १८१७ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी ती वारली.

पुस्तकाचा चित्रपट झाला म्हणजे पुस्तकप्रेमी नाक मुरडतात. आम्हीही त्याच जातीचे. पडद्यावर काय काय गाळले आहे, हे मोजण्याच्या तयारीनेच आम्ही बसलो होतो. गाळले पुष्कळ आहे. मॅरिॲनला फसवून गेलेला विलोबी कादंबरीत तिच्या आजारपणात रात्री धावत येतो आणि एलिनॉरपुढे आपल्या अपराधाची कबुली देतो. हा प्रसंग आमच्या आवडीचा, आणि आमच्या व्यवसायाच्या माणसाला तो का आवडावा हे उघड आहे. चित्रपटात तो नाही. परंतु भरही पुष्कळ घातली आहे. धाकटी मार्गारेट पुस्तकात नावापुरती आहे. येथे ती झाडावर घर बांधते, नकाशांचे पुस्तक घेऊन मेजाखाली लपते आणि मोठ्यांनी बोलू नये ते बोलून मोकळी होते. आमच्या सभागृहातील पोरे तिच्यावरच खूष होती.

पटकथा एम्मा थॉम्पसन या अभिनेत्रीने कित्येक वर्षे खपून लिहिली आणि एलिनॉरची भूमिकाही तिनेच केली. त्या पटकथेला ऑस्कर पारितोषिक मिळाले. अभिनयाचे ऑस्कर तिला आधीच मिळालेले होते. दिग्दर्शक अँग ली हे तैवानचे. तैवानच्या माणसाला दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज घरातले काय कळणार, असे प्रथम वाटते. पण थोरल्यांचा मान, मुलींच्या लग्नाची काळजी, चार लोकांत न बोलण्याच्या गोष्टी, हे सारे आशियाच्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. म्हणूनच की काय, हीच कथा २००० साली राजीव मेनन यांनी तमिळमध्ये 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' या नावाने तमिळ कुटुंबात आणून बसविली, आणि ती तेथे परकी वाटली नाही.

पुस्तकात एलिनॉरच्या मनात काय चालले आहे हे लेखिका आपणांस सांगते. पडद्यावर सांगणारे कोणी नसते. चेहरा पाहून आपणच ओळखावे लागते. कादंबरी वाचताना आम्हांस जे विनासायास कळले होते, ते येथे शोधावे लागले, आणि शोधल्यामुळे निराळेच दिसले.

एक प्रसंग सांगतो. विलोबी अकस्मात निघून गेला आहे. मॅरिॲन आपल्या खोलीत दार लावून रडते आहे. आई आपल्या खोलीत, मार्गारेट आपल्या खोलीत. एलिनॉर चहाचा प्याला घेऊन मॅरिॲनच्या दाराशी गेली, तर दार उघडत नाही. तिन्ही दारांआड रडे चालू आहे. एलिनॉर क्षणभर उभी राहते, मग जिन्याच्या पायरीवर बसते आणि तो चहा स्वतःच पिऊ लागते. एवढेच. लोक हसले. हसण्यासारखेच होते. पण घरात चौथे दार नव्हते, जे लावून ती रडली असती. हे आमच्या मनात तेव्हा आले आणि गेले नाही.

याच एलिनॉरला घरखर्चाचा हिशेब मांडावा लागतो. साखर परवडत नाही, मांस परवडत नाही, हे घरच्यांना तिनेच सांगायचे. तिचे मन एडवर्ड फेरार्स या सरळ, लाजाळू तरुणावर आहे. त्याला फार मोठे व्हायचे नाही. गावातल्या चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावे एवढीच त्याची इच्छा, आणि ती त्याच्या श्रीमंत आईला पसंत नाही. अशात लूसी नावाची एक मुलगी एलिनॉरला विश्वासात घेऊन सांगते की, एडवर्डशी माझे गुप्तपणे लग्न ठरलेले आहे. कोणाला सांगू नकोस. एलिनॉर शब्द देते आणि पाळते. कादंबरीत चार महिने ती हे ओझे वाहते. त्या चार महिन्यांत मॅरिॲनच्या दुःखाला ती खांदा देते, आणि वर मॅरिॲनकडूनच ऐकून घेते की, तुला काय ठाऊक प्रेम म्हणजे काय!

आमच्या वहीतले टिपण येथेच लिहिले गेले होते: संयमाची मूर्ती.

शेवटी लूसीने एडवर्डच्या धाकट्या भावाशी लग्न केले हे उघड होते. एडवर्ड मोकळा आहे हे सांगण्यास तो स्वतः त्यांच्या झोपडीवजा घरी येतो. ही वार्ता कानी पडताच कादंबरीतील एलिनॉर खोलीबाहेर धावते आणि दार लावून आनंदाश्रू ढाळते. चित्रपटात ती बाहेर जात नाही. आई व बहिणी बाहेर जातात, आणि ती एडवर्डसमोर खुर्चीत बसल्या बसल्या हुंदके देऊ लागते. ते हुंदके सुंदर नाहीत. कढ आवरता आवरत नाही, श्वास अडतो, आवाज वेडावाकडा निघतो. सभागृहात पोरे प्रथम हसली, कारण तो आवाज विचित्रच होता; मग हसणे एकाएकी थांबले. मागच्या बाकांवर काही बायका पदराने डोळे टिपीत होत्या. त्यांत बोलक्या बायका थोड्या होत्या, न बोलणाऱ्या अधिक होत्या. हे हुंदके आनंदाचे असले तरी त्यांत मागचे सगळे महिने होते. संयम म्हणजे दुःख नसणे नव्हे. ते कोणी पाहिले नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

वाचकहो, त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आमची थोरली बहीण डोळ्यांपुढे उभी राहिली.

तिला आम्ही अक्का म्हणतो. आमच्याहून ती नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर वारली. आम्ही सेमिनरीत गेलो, दादाने शेती पाहिली आणि अक्काने घर पाहिले. वडील सहा वर्षे अंथरुणाला खिळून होते. त्यांचे सारे तिनेच केले. तिच्यासाठी स्थळे येत होती ती त्या सहा वर्षांत यावयाची बंद झाली. २०११ साली वडील वारले. मृत्युपत्र नव्हते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अशा वेळी ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. जॉनच्या बहिणींना जे कायद्याने नव्हते ते अक्काला कायद्याने होते. परंतु जमिनीचे तुकडे होऊ नयेत असे ठरले. कोणी ठरविले हे आज आठवत नाही; अशा गोष्टी आपोआपच ठरतात. पुढच्या वर्षी आम्ही सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलो आणि अक्काने व आम्ही दादाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. आम्ही हक्क सोडला त्यात मोठेपणा काही नव्हता. धर्मगुरूच्या भाकरीची सोय असते. अक्काची सोय कोणती, हे आम्ही विचारले नाही. ती काही बोलली नाही, म्हणून तिची संमती आहे असे आम्ही धरले. पुढे प्रवचनात निःस्वार्थ प्रेमाचे उदाहरण म्हणून, नाव न घेता, आम्ही तिचीच गोष्ट सांगितली.

दोन दिवसांनी आम्ही गावी गेलो. अक्का मागल्या दाराशी बसून तांदूळ निवडीत होती.

"एवढ्या पावसात आलास? बरं आहे ना?" तिने विचारले.

आम्ही इकडचे तिकडचे बोललो आणि मग विचारलेच की, त्या दिवशी सही करताना तुझ्या मनात काय होते?

ती पुष्कळ वेळ तांदूळ निवडीत राहिली. वाटले, उत्तर देणार नाही. मग म्हणाली, "विहिरीजवळचे चार गुंठे मला हवे होते. जास्त नाही. भाजी केली असती, बाजारात नेली असती, दोन पैसे माझे म्हणून राहिले असते. वहिनीकडे साबणालासुद्धा मागावे लागते रे. कचेरीत सांगायचे असे ठरवून आले होते. पण तुझी सही झाली आणि तू पेन माझ्या हातात दिलेस. मग काय बोलायचे? फादरांच्या पुढे?"

रागाचा लवलेशही तिच्या बोलण्यात नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते. इतकी वर्षे आम्ही जॉनवर हसत आलो होतो. जॉनने निदान देण्याचा विचार तरी केला होता.

आम्ही अक्काची क्षमा मागितली. ती म्हणाली, "पुरे आता, चहा पी." तिने चहा केला. या वेळी आम्ही दोन प्याले मागितले आणि तिला आमच्यासमोर बसविले. मग ती तासभर बोलली. वडिलांच्या आजारातील रात्री, एक स्थळ तिला मनापासून आवडले होते ते, आमच्या दीक्षेच्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊ शकली नव्हती ते. आम्हांस ठाऊक नसलेले आमचेच घर.

दादाशीही बोललो. तो वाईट माणूस नाही. जॉनही वाईट नव्हता. तो गप्प राहिला. हा लेख छापावयास देण्यापूर्वी आम्ही अक्काला आणि दादाला वाचून दाखविला, आणि त्यांच्या संमतीनेच तो तुमच्यापुढे आला आहे. दादाने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "सुगी झाली की मोजणी करून घेऊ." मोजणी अजून व्हावयाची आहे. आकडा मागे मागे येऊ नये म्हणून आम्ही दर आठवड्याला फोन करतो.

हा चित्रपट तुम्हांस पाहावयास मिळाला तर अवश्य पाहा, सहकुटुंब पाहा. त्यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, हिरवी कुरणे व जुनी घरे आहेत, पावसात भिजणारी मॅरिॲन आहे, आणि तिच्यावर न बोलता प्रेम करणारा, वयाने बराच मोठा कर्नल ब्रँडन आहे. दोन्ही बहिणींची लग्ने होतात आणि मन प्रसन्न होते. परंतु चित्रपट संपल्यावर दिवे लागतील तेव्हा आपल्या बाकावर कोण गप्प बसले आहे, ते एकदा पाहा. घरी गेल्यावर त्या व्यक्तीला विचारा. उत्तर लगेच येणार नाही. तांदूळ निवडून होईपर्यंत थांबावे लागेल.

सेमिनरीतील ती वही आमच्याजवळ अद्याप आहे. 'संयमाची मूर्ती' हे शब्द आम्ही खोडले नाहीत, कारण ते खोटे नाहीत. त्याखाली एवढेच लिहिले आहे: 'हिला विचारावयाचे राहून गेले.'